शब्दचर्चा: ईस्टर, पुनरुत्थान आणि ‘उठणे’

मधला मारुती

आमच्या ऑफिसात एक ख्रिस्ती ताई आहेत. गुड फ्रायडेला ग्रुपवर कुणीतरी गुलाबाच्या चित्रासोबत ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ टाकलं, मागोमाग बाकीच्यांनीही तेच. ताईंनी सगळ्यांना हात जोडले, बोलल्या काहीच नाहीत. मला खटकलं, पण काय लिहायला हवं होतं ते सुचेना. दोन शंका आहेत. गुड फ्रायडेला मराठीत काय म्हणतात आणि त्या दिवशी ख्रिस्ती माणसाशी काय बोलावं? आणि ईस्टरला मराठी शब्द आहे का? पेपरात ‘पुनरुत्थान दिन’ वाचलंय, पण घरात कुणी असं बोलत असेल असं वाटत नाही. सोलापुरातलं कुणी सांगू शकेल का?

शब्बाथशाळा

मी सोलापूरचीच. रविवारी उपासनेआधी मुलांचा वर्ग भरतो, त्याला आमच्याकडे शब्बाथशाळा म्हणतात. तिथे शिकवते, म्हणून हे नाव घेतलंय.

आधी शुक्रवारचं. छापील मराठी ‘उत्तम शुक्रवार’, पण घरात आम्ही ‘गुड फ्रायडे’च म्हणतो. इंग्रजीतल्या त्या ‘गुड’चा जुना अर्थ ‘पवित्र’ असा आहे, ‘छान’ असा नाही. म्हणून भाषांतर करायचंच तर ‘पवित्र शुक्रवार’ मला जास्त बरोबर वाटतं. त्या दिवशी प्रभू येशूला वधस्तंभावर खिळलं. घरात कुणी गेलं असता जसं असतं तसं आमचं त्या दिवशी असतं. बऱ्याच बायका पांढरी साडी नेसतात, जेवण साधं असतं, कित्येकांचा उपवास. बारा ते तीन उपासना. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पंखे गरम हवाच फिरवत असतात, म्हाताऱ्या बायका पदराने वारा घेत बसलेल्या असतात, पण तीन वाजेपर्यंत कुणी उठत नाही. वधस्तंभावरून येशू जे सात वेळा बोलला, त्यांना आम्ही ‘सात उद्गार’ म्हणतो. एकेक उद्गार घेऊन त्यावर बोललं जातं, मध्ये गीतं आणि प्रार्थना. ‘पूर्ण झाले आहे’ हा त्यातला सहावा. तिथपर्यंत आलं की मंडळीत कुणी खोकतसुद्धा नाही. (‘मंडळी’ म्हणजे आमच्याकडे चर्चचे लोक. ‘लग्नाला मंडळी जमली’ मधली मंडळी नव्हे.)

तर त्या दिवशी शुभेच्छा नकोत. राग कुणालाच येत नाही, लोक प्रेमानेच लिहितात. पण ‘आज उपासना आहे ना तुमची? आमच्यासाठीही प्रार्थना करा’ एवढं कुणी म्हटलं तर फार बरं वाटतं.

ईस्टरला बोलण्यात ‘ईस्टर’च. चर्चच्या पत्रकावर ‘पुनरुत्थानाचा सण’ किंवा ‘पुनरुत्थान रविवार’. पण त्या सकाळी आम्ही एकमेकांना जे म्हणतो त्यात यातला एकही शब्द नसतो. एकजण म्हणतो, ‘प्रभू उठला आहे!’ दुसरा म्हणतो, ‘खरोखर उठला आहे!’ हे बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातून, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातून, आलंय. अम्माऊसच्या वाटेवर ज्यांना येशू भेटला ते दोघे यरुशलेमला परत धावले, तेव्हा तिथे जमलेले लोक त्यांना हेच सांगत होते. माझ्या लेखी ईस्टरचा मराठी शब्द हाच, ‘उठला आहे’.

व्याकरणप्रेमी

‘पुनरुत्थान’ आणि ‘उठणे’ हे लांबचे शब्द वाटतात, पण घराणं एकच. उत् + स्था पासून संस्कृतात ‘उत्थान’ झालं, आणि तोच धातू प्राकृतात ‘उट्ठ’ होऊन मराठीत ‘उठणे’ झाला. एक ग्रंथात राहिला, दुसरा अंथरुणापर्यंत आला.

ग्रीकमध्येही असंच आहे. बायबलच्या नव्या करारात (मूळ ग्रीक भागात) येशूच्या उठण्यासाठी जे क्रियापद वारंवार येतं, तेच झोपेतून जागं होण्यासाठी, जमिनीवरून उठून उभं राहण्यासाठीही येतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याइर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मेलेली असते. येशू तिचा हात धरून अरामी भाषेत म्हणतो, ‘तलीथा कूम’, म्हणजे ‘मुली, ऊठ’. ग्रीकमध्ये ते सांगताना हेच क्रियापद वापरलंय. आपल्या घरात आई रोज सकाळी जे म्हणते तेच.

पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू ख्रिस्ती घरं आहेत, आमचं त्यातलं एक. आम्ही ‘पुनरुत्थान पंडुग’ म्हणतो, पंडुग म्हणजे सण. म्हणजे हा संस्कृत शब्द तुमच्या-आमच्यात सारखाच. गुड फ्रायडेला तेलुगूत ‘शुभ शुक्रवारम्’, कन्नडमध्ये ‘शुभ शुक्रवार’. कदाचित त्या ‘शुभ’मुळेच शुभेच्छा द्यायचा मोह होत असेल. क्रुसाला आम्ही ‘सिलुव’ म्हणतो, कन्नडवाले ‘शिलुबे’. उर्दूतला ‘सलीब’ याच कुळातला. मराठीत मात्र ‘वधस्तंभ’ हा शब्द कुणी बसवला कोण जाणे, पण ऐकताना अंगावर येतो.

शब्बाथशाळा

आणि तो तसाच यायला हवा. ‘क्रूस’ म्हटलं की गळ्यातली चेन डोळ्यांपुढे येते. ‘वधस्तंभ’ म्हटलं की तिथे माणूस मारला, हे विसरता येत नाही. शुक्रवार नीट कळला तरच रविवार कळतो, असं मी मुलांना सांगते. कित्येक घरांत शुक्रवारी सुट्टी म्हणून गावाला जातात आणि रविवारी नवीन कपडे घालून येतात. कुणाला नावं ठेवायची नाहीत, नोकऱ्या आणि प्रवास मला समजतात. पण कबर पाहिलीच नाही तर ती रिकामी आहे म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगणार?

मधला मारुती

एक विचारू का? पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यात फरक काय? मला दोन्ही एकच वाटायचं. आणि ‘पुनरुज्जीवन’ का म्हणत नाहीत? तलावाचं, मंदिराचं पुनरुज्जीवन आपण सर्रास म्हणतो.

शब्बाथशाळा

चांगलं विचारलंत. आमच्या मुलांचाही हाच गोंधळ होतो.

पुनर्जन्म म्हणजे जुना देह सोडून आत्म्याने दुसरा देह घेणं. ईस्टरमध्ये दुसरा देह नाही. जो वधस्तंभावर गेला, ज्याला कबरेत ठेवलं, तोच. हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच. थोमा या शिष्याने तेच पाहायला मागितलं आणि येशूने दाखवले. शिष्यांना भूत वाटलं तेव्हा येशूने ‘खायला काही आहे का?’ असं विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. मला ही गोष्ट फार आवडते. मरण जिंकून आलेला देव जेवायला मागतो.

पुनरुज्जीवन म्हणजे गेलेलं आयुष्य परत मिळणं. लाजराचं तसं झालं. चार दिवस कबरेत होता, येशूने हाक मारली आणि तो बाहेर आला. पण पुढे कधीतरी लाजर पुन्हा मेलाच असणार. याइराची मुलगीसुद्धा. येशूचं उठणं त्याहून वेगळं, तो पुन्हा मरणार नाही. लाजराच्या बहिणीला, मार्थेला, तो म्हणाला होता, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ तिथे ‘पुनरुज्जीवन’ घालून बघा, वाक्य लगेच लहान होतं.

आता घरातलं सांगते. ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात जातो. आदल्या दिवशी जाऊन कबरी धुवून, कुठे चुना मारून ठेवलेला असतो. पहाटे अंधारातच निघायचं, पिशवीत झेंडू-शेवंतीची फुलं, मेणबत्त्या आणि काडेपेटी. वारा असला की मेणबत्ती टिकत नाही, मग मुलं दोन्ही हातांचा आडोसा करून बसतात. आजूबाजूच्या कबरींवरही दिवे लागलेले असतात, कुणीतरी हळू आवाजात गीत सुरू करतं, आणि ज्या घराशी वर्षभर बोलणं नाही तेही त्यात सूर मिळवतात. शुभवर्तमानात बायका सुगंधी द्रव्यं घेऊन भल्या पहाटे कबरेकडे निघाल्या होत्या. त्यांच्या वाटेनेच आम्ही जातो असं मला दर वर्षी वाटतं.

एका वर्षी भाचीने माझ्या आईला विचारलं, ‘आजी, आजोबा कधी उठणार?’ आई म्हणाली, ‘हाक आली की.’ आणि फुलं सारखी करत राहिली. पोरीला तेवढं पुरलं. ‘उठणे’ हा शब्द तिला रोजचा आहे, म्हणूनच ते तिला कळलं.

आमच्या भाषेत मेलेल्याला ‘महानिद्रा घेतली’ म्हणतात, पत्रिकेत नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताला महानिद्रा घेणाऱ्यांतलं ‘प्रथमफळ’ म्हटलंय. प्रथमफळ म्हणजे हंगामातला पहिला तोडा, ज्याच्यामागे अख्खं शेत काढणीला यायचं आहे. त्यामुळे ईस्टर म्हणजे फक्त येशूचं उठणं नाही, आमच्या माणसांच्या उठण्याचाही तो शब्द आहे.

वसईकर

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे शनिवारी रात्रीच सुरुवात होते. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि ती घेऊन काळोख्या चर्चमध्ये जातात. मग एकाची मेणबत्ती दुसऱ्याला लागत लागत सगळं चर्च उजळतं. उपवासकाळात आम्ही ‘आलेलुया’ म्हणत नाही. त्या रात्री तो शब्द परत येतो तेव्हा घसा दाटून येतो.

‘पास्का’ हा जुना शब्द, ‘पेसाह’ या ज्यू सणाच्या हिब्रू नावावरून आलेला. पोर्तुगीजमध्ये ‘पास्कोआ’, कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’. जगातल्या कित्येक भाषांत या सणाला असंच नाव आहे. ‘ईस्टर’ हे इंग्रजी-जर्मन बाजूचं. आठव्या शतकातला इंग्रज साधू बीड याने ते एका जुन्या देवीच्या महिन्यावरून आल्याचं लिहून ठेवलंय. नाव कुठून का आलं असेना, सण त्या देवीचा नाही.

व्याकरणप्रेमी

मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) त्या पेसाहला ‘वल्हांडण सण’ म्हटलंय. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मिसरात (इजिप्तमध्ये) ज्या इस्राएली घरांच्या चौकटींना कोकराचं रक्त लावलं होतं, ती घरं मरण ओलांडून पुढे गेलं, ही ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली गोष्ट. येशू वल्हांडणाच्या दिवसांतच मारला गेला, म्हणून दोन्ही सण जोडलेले. तारीख फिरते तीही चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्येच पडतो. २०२५ साली २० एप्रिलला होता, २०२६ साली ५ एप्रिलला.

पूर्वभाग

मराठी शास्त्रात कबरेच्या तोंडावरच्या दगडाला ‘धोंड’ म्हटलंय ना? आमच्या शेजारच्या मराठी काकू वाचायच्या तेव्हा ऐकलंय. ‘धोंड कोण लोटील?’

शब्बाथशाळा

हो, मार्कच्या सोळाव्या अध्यायात. बायका वाटेने जाताना एकमेकींना तेच विचारत असतात, आणि पोचतात तर धोंड आधीच लोटलेली. मराठीत ‘गळ्यात धोंड’ म्हणतो तीच ही धोंड. कर्ज, आजारपण, पोरीचं लग्न, सगळ्याला आपण धोंड म्हणतो. म्हणून त्या उताऱ्यावर बोललं की बायकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

असे शब्द सोपे असावेत म्हणून पंडिता रमाबाईंनी किती कष्ट घेतले. केडगावला, आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेच्याच वाटेवर, त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं, शिकलेल्या नसलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा काम जवळपास हातावेगळं झालं होतं. ‘पुनरुत्थान’ शब्दाला माझा विरोध नाही, तो हवाच. पण त्याच्याशेजारी ‘उठला’ आलं नाही तर मुलं तो पाठ करतात आणि सोडून देतात.

मधला मारुती

अंडी आणि ससे कुठून आले मग? दुकानात हल्ली तेच दिसतात.

शब्बाथशाळा

सशाचं युरोपातलं आहे, आमच्या शास्त्रात नाही. अंड्याचं असं, की पूर्वी उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य असायची, ईस्टरला ती पुन्हा ताटात यायची. बंद कवचातून जीव बाहेर येतो, हा अर्थही लोक लावतात. मुलांना रंगवायला देते मी, हरकत नाही. आधी रिकाम्या कबरेची गोष्ट, मग रंग.

एक वाचक

उपयोगी धागा. एक काम आहे. आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा ईस्टरचा फ्लेक्स करायचाय. छपाईवाल्याने ‘पुनरुत्थानित प्रभू येशू’ असं जुळवलंय. बरोबर आहे का?

व्याकरणप्रेमी

‘पुनरुत्थित’ लिहा. उत्थित म्हणजे उठलेला. ‘पुनरुत्थानित’ चर्चच्या लिखाणात दिसतो, पण ओढून-ताणून केलेला आहे. ‘उत्थापित’ म्हणजे कुणीतरी उठवलेला. नव्या करारात दोन्ही बाजू येतात, येशू उठला असंही आणि देवाने त्याला उठवलं असंही. त्यामुळे अर्थाने तोही चुकणार नाही, फक्त फ्लेक्सवर जड होईल.

शब्बाथशाळा

‘पुनरुत्थित’ वर बारीक अक्षरात घ्या आणि मधोमध मोठ्या अक्षरात ‘प्रभू उठला आहे!’ रस्त्याने रिक्षातून जाणाऱ्यालाही वाचता आलं पाहिजे. खाली पहाटेच्या उपासनेची वेळ न विसरता घाला, गेल्या खेपेला आमच्याकडे तीच राहून गेली होती.