मदत हवी आहे: डोंगरावरच्या सर्व्हेच्या खांबाला कोणता रंग टिकेल?

डोंगरभटक्या
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या गावामागच्या डोंगरावर सर्व्हेचा जुना खांब आहे. आमचा ग्रुप स्वखर्चाने त्याची रंगरंगोटी करतो. गेल्या दिवाळीनंतर पांढरा ऑइलपेंट मारला, मध्ये लाल पट्टा दिला, झकास दिसत होता. पावसाळा सरला आणि आता नुसते पापुद्रे लोंबतायत, आतून हिरवंकाळं शेवाळ. रविवारी परत चढणार आहोत, सामान शनिवारी संध्याकाळपर्यंत घ्यायचंय. कोणता रंग घेऊ आणि किती लिटर, एवढंच सांगा. ब्रिटिशांनी कसं मोजलं, एव्हरेस्ट साहेब कोण होता, हे सगळं वाचलेलं आहे.

रंगारीकाका
भाऊ, खांब न बघता लिटर कसे सांगू? उंची किती, जाडी किती? दगडी आहे, विटांचा की काँक्रीटचा? गिलावा असेल तर चुन्याचा की सिमेंटचा? ऑइलपेंटखाली प्रायमर मारला होता का? फोटो टाका.

शेफिल्डकर
अरे वा, माझ्या आवडीचा विषय! मी इंग्लंडमध्ये असतो. ब्रिटनभर असे साडेसहा हजारांच्या आसपास खांब बांधले गेले. ऑर्डनन्स सर्व्हेने, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याने, 1936 साली सगळ्या ब्रिटनची त्रिकोणमिती मोजणी (उंच जागांमधले कोन मोजून, त्रिकोणांच्या जाळ्यावर नकाशा बसवायची पद्धत) नव्याने सुरू केली, तेव्हा हॉटिन नावाच्या अधिकाऱ्याने या खांबाचा नमुना ठरवला. साधारण चार फूट उंच, वर निमुळता होत जाणारा काँक्रीटचा खांब. डोक्यावर पितळेची तीन खाचांची बैठक असते, थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचे, तीन पाय त्यात अचूक बसायचे. आता मोजणी उपग्रहांवरून होते, त्यामुळे खांब रिटायर झालेत आणि आमच्यासारखे रिकामटेकडे त्यांना रंग देत फिरतात.

माझा सल्ला: बाहेरच्या भिंतींचा मेसनरी पेंट, पांढरा, दोन हात. पितळी बैठक आणि बाजूची नंबराची पट्टी यांना चिकटपट्टी लावून झाका. त्या नंबरावर रंग चढला की खांब ओळखता येत नाही आणि पुढचा येणारा शिव्या घालतो. लाल पट्टा अजिबात नको, मैलाचा दगड वाटतो.

डोंगरभटक्या
@रंगारीकाका, कमरेच्या थोडा वर येतो, चौकोनी, प्रत्येक बाजू दीड फूट असेल. प्रायमर नव्हता. फोटो मोबाईल बदलताना गेले.
@शेफिल्डकर, दादा, आमच्याकडे पितळ वगैरे काही नाही. असतं तर केव्हाच भंगारात गेलं असतं.

रंगारीकाका
साडेतीन फूट उंची धरली तर चार बाजू आणि माथा मिळून पंचवीस चौरस फुटांच्या आत बसतं. एक लिटर एक्स्टिरियर इमल्शनमध्ये दोन हात आरामात होतात. चार लिटरचा डबा वर वाहून नेऊ नका.

पण रंगापेक्षा खालची तयारी महत्त्वाची. ऑइलपेंट हवा कोंडतो. खांब जमिनीतून ओल ओढतो, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि रंगाला फुगा येतो. त्यात सिमेंटचा क्षार ऑइलपेंटमधलं तेल खातो, त्याचा साबण होतो. म्हणून सिमेंटवर थेट ऑइलपेंट कधीच मारू नये. आता पत्रीने आणि तारेच्या ब्रशने सगळा जुना रंग काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ घासून धुवा, उन्हात पूर्ण वाळू द्या. मग एक्स्टिरियर प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात, मध्ये चार तास जाऊ द्या. एका दिवसात ओढूनताणून बसेल. दोन रविवार घेतलेत तर जास्त चांगलं.

चुनखडी
इमल्शन म्हणजे शेवटी प्लास्टिकच हो. जुनं दगडी बांधकाम चुन्यातलं असतं, त्याला चुनाच द्यावा. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवायचा, गाळून घ्यायचा, थोडा डिंक घालायचा, भिंत ओली करून पातळ तीन हात द्यायचे. आमच्या वाड्याला आजोबांपासून चुनाच आहे. एकदा तरी पापुद्रा निघालाय का, विचारा.

रंगारीकाका
पापुद्रा निघत नाही कारण तो पावसात वाहूनच जातो! वाडा छपराखाली असतो, डोंगरमाथ्यावर पाऊस आडवा येतो. आणि ऑइलपेंटचा अंश राहिला असेल तर चुना त्यावर धरणारच नाही.

चुनखडी
वाहून गेला तर पुढच्या वर्षी परत द्यायचा. मंडळी दरवर्षी चढतातच ना? पाच किलो चुना शंभर-दोनशे रुपयांत येतो.

डोंगरभटक्या
चुना भिजवायला पाणी कोण वर नेणार? माथ्यावर टाकं नाही. इमल्शनच ठरवू का फायनल?

मोजणीदार (निवृत्त)
थांबा. कुणीच मूळ प्रश्न विचारलेला नाही. त्या खांबावर काही कोरलेलं किंवा लिहिलेलं आहे का? आणि खांब नेमका कुठे आहे? अगदी माथ्यावर, की उतारावर, की धारेवर? ‘सर्व्हेचा खांब’ कशावरून म्हणता?

डोंगरभटक्या
काका, सगळं गाव सर्व्हेचाच खांब म्हणतं. लिहिलेलं पुसट झालंय, आमच्या रंगाखाली गेलंय. एवढी चौकशी कशाला? रंगच मारतोय, पाडत तर नाही ना?

वर्धेकर
सर्व्हेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ज्या विल्यम लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा (त्रिकोणांची पहिली, जमिनीवर मोजलेली बाजू) मोजून भारताच्या त्रिकोणमिती मोजणीचं प्रचंड काम सुरू केलं, तो आमच्या हिंगणघाटला वारला, जानेवारी 1823 मध्ये. कबर आहे तिथे. एव्हरेस्टचं नाव शिखराला लागलं आणि ज्याने पाया घातला तो विदर्भाच्या उन्हात झोपलाय. खांब रंगवणाऱ्या ग्रुपांनी एकदा तिकडेही यावं.

ऑरेंजसिटी
आणि नागपूरचा झिरो माईल विसरलात? भारताचा मध्यबिंदू म्हणतात त्याला! तिथूनच सगळी मोजणी झाली.

मोजणीदार (निवृत्त)
तिथून मोजणी झालेली नाही. झिरो माईलजवळच्या खांबावर ‘जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क 1907’ असं आहे, जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे. तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा संदर्भबिंदू, 1020.171 फूट. त्रिकोणमिती मोजणी 1907 च्या शंभर वर्षं आधी सुरू झाली होती, ती मद्रासहून.

ऑरेंजसिटी
मग त्यावर हैदराबाद 318 मैल, रायपूर 174 मैल वगैरे अंतरं कशाला कोरलीत?

मोजणीदार (निवृत्त)
अंतरं रस्त्यांची आहेत. नागपूरकरांशी या विषयावर वाद घालून माझी नोकरी संपली, आता पेन्शनमध्ये नको.

धागाकर्त्यासाठी लिहितो. आपल्या डोंगरांवर तीन-चार तऱ्हेचे खांब-दगड सापडतात आणि लोक सरसकट सगळ्यांना सर्व्हेचा खांब म्हणतात. सर्व्हे ऑफ इंडियाचं त्रिकोणमिती स्थानक असेल तर ते बहुधा थेट माथ्यावर असतं, जिथून चहूकडचे डोंगर दिसतात. त्याची खरी खूण म्हणजे दगडावर कोरलेलं वर्तुळ आणि मधोमध टिंब. मोजणी त्या टिंबावरून होते. वरचं बांधकाम फक्त यंत्र ठेवायला आणि खूण राखायला. काम झाल्यावर खूण झाकायला वर दगड रचून ठेवायचीही पद्धत होती. दुसरा प्रकार गावाच्या शिवेचा, दोन-तीन गावं जुळतात तिथला दगड. तिसरा वनखात्याचा हद्दीचा बुरूज. तो माथ्यावर असेलच असं नाही, हद्द जाईल तसा उतारावर, धारेवर कुठेही असतो आणि त्यावर नंबर असतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर ओपन सिरीजचे नकाशे मिळतात. तुमच्या डोंगराचा 1:50,000 चा नकाशा उघडा. माथ्यावर छोटा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा असेल तर तिथे स्थानक आहे. नुसतं टिंब आणि आकडा असेल तर ती फक्त उंचीची नोंद.

बांधावरचा_शेतकरी
साहेब, तुम्ही मोजणीतले आहात म्हणून विचारतो. आमच्या शेजाऱ्याने हद्दीचा दगड रातोरात चार फूट आत सरकवला आणि आता म्हणतो पहिल्यापासून तिथेच होता. सातबारा माझ्याकडे आहे. काय करावं?

चुनखडी
त्या दगडाला आधी चुना लावून ठेवला असता तर सरकवलेला लगेच दिसला असता.

शेफिल्डकर
इथे एका टेकडीवरचा खांब कुणीतरी चक्क गुलाबी रंगवला होता. लोकांनी आधी बोंब मारली, मग त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला रांग लागली. सांगायचा मुद्दा, रंग कोणता यापेक्षा...

रंगारीकाका
मुद्दा राहू द्या दादा, त्यांचा शनिवार जवळ येतोय.

डोंगरभटक्या
नकाशा बघितला. त्रिकोण आहे माथ्यावर, शेजारी उंची पण आहे! म्हणजे सर्व्हेचाच. आता बोला.

मोजणीदार (निवृत्त)
आणि तुमचा खांब माथ्यावर आहे?

डोंगरभटक्या
अगदी माथ्यावर नाही. माथ्याच्या अलीकडे धारेवर, पाचेक मिनिटं खाली. माथ्यावर नुसता दगडांचा ढीग आहे. वरच्या दगडाला शेंदूर लावलाय, वस्तीवरची माणसं नारळ फोडतात. आमची पोरं त्यातलेच दोन-तीन दगड घेऊन चहाला चूल मांडतात.
आत्ता ग्रुपवर विचारलं. एकाला आठवतंय, रंग मारायच्या आधी खांबावर इंग्रजी आर आणि एफ होतं, खाली 23 किंवा 28.

मोजणीदार (निवृत्त)
आर एफ म्हणजे राखीव वन. तुम्ही वनखात्याचा बुरूज रंगवताय आणि सर्व्हेच्या दगडांवर चहा करताय.

वर्धेकर
हाहाहा. लॅम्ब्टन कबरीत कूस बदलला असेल.

ट्रेकर_प्राची
हसू नका हो, मुलं चांगल्या भावनेने करतायत. पण दादा, एक सांगते, हे गमतीवारी नेऊ नका. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 63 मध्ये वनाच्या हद्दीची खूण हलवणं, पुसणं, विद्रूप करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. नुकसान करायच्या हेतूने केलेल्याबद्दल आहे ते, तुमच्यावर कुणी लावेल असं नाही. पण नंबर तुमच्या रंगाखाली गेलाय आणि वर लाल पट्टा तुमचा आहे. उद्या हद्दीवरून भांडण झालं तर तुमचेच फोटो फेसबुकवर सापडतील.

डोंगरभटक्या
फोटो ग्रुपच्या पेजवर आहेत खरे. ताई, मग काय, रविवार रद्द करू? सोळा जण येणार आहेत, टेम्पो ठरवलाय.

ट्रेकर_प्राची
रद्द कशाला? बीटच्या वनरक्षकाला गाठा. आमच्याकडे वनरक्षकच म्हणाला होता, बुरूज रंगवायला माणसं मिळत नाहीत. आरएफओंच्या (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या) नावाने एक साधा अर्ज द्या, कोण येणार, काय करणार, किती वाजता.

जीपीएसवाला
पण या सगळ्याचा आता उपयोग काय? सर्व्हे ऑफ इंडियाने कॉर्स स्टेशनं (उपग्रहांचे सिग्नल सतत टिपणारी कायमची केंद्रं) बसवलीत, रोव्हर (सोबत न्यायचं मोजणीचं यंत्र) घेऊन उभं राहिलं की काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान मिळतं. गावठाणं ड्रोनने मोजून झाली. खांब ठेवले काय, नाही ठेवले काय.

मोजणीदार (निवृत्त)
तुमचा रोव्हर आजचं स्थान सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा असेल तर दोन्हीत सापडणारा बिंदू लागतो. कोर्टात जुना नकाशा येतो तेव्हा हेच टिंब शोधत फिरावं लागतं. मी शोधलीयत. एका ठिकाणी टिंबावर मोबाईल टॉवरचा पाया आला होता.

@डोंगरभटक्या, माथ्यावरचा ढीग उपसू नका. उत्सुकता वाटेल, तरी नाही. खूण कुठे आहे ते माहीत नसताना पहार घातली तर तोच दगड हलेल. शेंदूरही राहू द्या, देव मानतात म्हणून कुणी हात लावत नाही, तेवढीच राखण. फक्त चूल दुसरीकडे मांडा आणि नेलेले दगड परत ढिगावर ठेवा.

शेफिल्डकर
मला वाटतं एकदा अलगद वरचे दगड बाजूला करून फोटो घेऊन परत ठेवले तर हरकत नाही. नोंद होईल.

मोजणीदार (निवृत्त)
हरकत आहे. सोळा माणसं आणि अलगद, हे एकत्र जमत नाही.

बांधावरचा_शेतकरी
साहेब, माझं...

मोजणीदार (निवृत्त)
भाऊ, सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला नोटीस जाते, दोघांसमोर खुणा दाखवतात. तोवर दगडाला हात लावू नका आणि त्यालाही लावू देऊ नका. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा.

डोंगरभटक्या
वनरक्षकांशी फोनवर बोललो. आधी म्हणाले, तो लाल पट्टा तुम्ही मारला होय, आम्ही केव्हापासून शोधतोय. मग म्हणाले, अर्ज द्या, रविवारी मी स्वतः येतो, रजिस्टर बघून बरोबर नंबर सांगतो. पांढरा रंग, काळा नंबर, पट्टा नाही. नंबर 23 निघाला. खाली धारेवर अजून बुरूज आहेत, तेही झाडीतून शोधून करा म्हणाले.
रंगारीकाका, आता किती लिटर? आणि ब्रश कोणता?

रंगारीकाका
अजून म्हणजे किती? एका बुरजाला एक लिटर धरा, त्यावर एक जास्तीचा. प्रायमर निम्मा. दोन इंची ब्रश पुरे, रोलर नेऊ नका, खडबडीत दगडावर फिरत नाही. नंबरासाठी काळा बाहेरचाच रंग, पाव लिटर, अर्धा इंची ब्रश. पुठ्ठ्यात आकडे कापून नेलेत तर नीट येतील. धुवायला माणशी दोन लिटर पाणी जास्त न्या, प्यायच्या बाटल्यांत हात घालू नका. आणि खरवडलेले ऑइलपेंटचे तुकडे गोणीत भरून खाली आणा, गुरं चाटतात.

चुनखडी
एका बुरजाला तरी चुना देऊन बघा. पुढच्या पावसाळ्यानंतर कोण टिकलं ते इथेच लिहा.

डोंगरभटक्या
सगळ्यात खालच्याला देतो काका, तिथे ओढ्याचं पाणी आहे.