मदत हवी आहे: १३ महिने टिकणारा खाऊ

माझी भाची केपटाउनला वाढली. येत्या एप्रिलमध्ये ती मॅरियन बेटावर सील मोजायला जाते आहे. दक्षिण हिंदी महासागरातलं हे बेट. माणसं बदलायला जहाज वर्षातून एकदाच येतं, म्हणजे मुक्काम सुमारे १३ महिन्यांचा. एलिफंट सीलच्या पिल्लांना तिथे १९८३ पासून टॅग लावतात. ते क्रमांक वाचत हिला किनारे पायी फिरायचे आहेत, वाऱ्यापावसात, दलदलीतून. रात्री छोट्या झोपडीत. कपडे म्हणे नीट वाळतच नाहीत. ऐकूनच जीव कासावीस होतो.

इथून कोथरूडहून मी तिला खाऊ पाठवणार आहे. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला एवढं ठरलंय. बेटावर परकं बी रुजू नये म्हणून मोज्यांत, खिशांत अडकलेलं गवताचं कुसळसुद्धा काढून टाकावं लागतं. म्हणून मोहरी, तीळ, मेथी मी आधीच वगळलंय, सगळं भाजून दळलेलंच देणार.

पण दमट थंडीत भाजणी वर्षभर खवट न होता राहील का? पुण्यात घरगुती व्हॅक्यूम पॅकिंग कोण करून देतं? आणि ओल्या बुटांत पाय फुटू नयेत म्हणून कोकम तेल चालेल का? ट्रेकवाल्यांनी, सियाचीनला राहून आलेल्यांनी जरूर सांगा.