अंधारापेक्षा पाण्याचं तापमान सांभाळा

घरी फिल्म डेव्हलप करायची तर बाथरूमच्या झरोक्याला काळा कागद लावला की डार्करूम तयार, असं सुचवलं जातं, ते बरोबर आहे. फक्त लाल बल्ब पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या) फिल्मला चालत नाही, तिला पूर्ण काळोखच हवा. पण आपल्या खानदेशात खरा त्रास उन्हाचा. मे महिन्यात जळगावला गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री अकरालाही कोमटच असतं. मी त्याच पाण्यात ४×५ इंची फिल्मच्या चार सुट्या शीट धुतल्या. ट्रेमध्ये खालची शीट वर घेताना दुसरीचा कोपरा नुसता टेकला आणि मऊ पडलेलं इमल्शन (फिल्मवरचा चित्र टिपणारा थर) सायीसारखं सरकलं. त्यात आजीचा एकमेव फोटो गेला, अजून हळहळ वाटते.

तेव्हापासून गावच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातलं माजघर वापरतो. मातीच्या जाड भिंती, खिडकी नाही, भर दुपारीही गारवा. धाब्याची माती झडते, म्हणून ट्रेवर जुनी साडी ताणून बांधतो. पाणी माठातलं. बर्फ डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) कधीच टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. ट्रे परातीत ठेवून बर्फ परातीतल्या पाण्यात टाकायचा. डेव्हलपर २४ अंश सेल्सिअसवर आला तरी भागतं, पण फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही तेवढ्याच तापमानाचं हवं. एचपी५ फिल्मला डी-७६ डेव्हलपरमध्ये (१+१, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून) २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ ला साधारण आठ. पातळ न करता वापरलं तर २४ ला वेळ साडेपाचवर येतो आणि इतक्या घाईत ट्रेमध्ये डाग पडायची भीती असते.