मलावी: मिशन हॉस्पिटलात दोन वर्षं, घर कसं चालवायचं?

शेवंती_७७
नमस्कार मंडळी. जुलैपासून दोन वर्षांसाठी आम्ही चौघं मलावीला सेवेसाठी जातोय. देड्झा जिल्ह्यातलं मिशन हॉस्पिटल आहे. मिस्टर सर्जन, मी नर्स, मुलं नऊ आणि चार वर्षांची. आवारातच दोन खोल्या आणि बाहेर स्वयंपाकाची पडवी मिळेल. मानधन खाण्यापिण्यापुरतं. पाणी हातपंपाचं, वीज असली तर असली. नोंदणी आणि परमिटची कामं मार्गी लागलीत, ती विचारत नाही. विचारायचंय ते रोजचं: चूल कशावर पेटते, डाळ-भाकरी जमते का, पाणी-कपडे-डासांचं काय, आणि इथून काय न्यायचं, काय उगाच ओझं?

कोळशाची_शेगडी
ताई, डाळीची काळजी सोडा. तूर तिथलंच पीक आहे, नाव 'नांदोलो', आणि भारत मलावीकडून तूर विकत घेतो. फक्त गावच्या बाजारात ती अख्खी मिळते. फोडलेली डाळ हवी तर राजधानी लिलाँग्वेतल्या भारतीय दुकानांत, तिथल्या भावात. अख्खी तूर रात्रभर भिजवा, कुकरला ५-६ शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं मंद आच. रवीने घुसळून चाळणीतून गाळली की सालं निघतात आणि वरण तुरीचंच लागतं. देड्झाचं ठाणं समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजायला कोळसा संपतो. कुकर न्याच, सोबत दोन जादा रिंगा आणि तीन सेफ्टी व्हॉल्व्ह. ते तिथे तुमच्या मापाचे मिळतील हे गृहीत धरू नका. नांदोलोला भुंगा फार लवकर लागतो. आणल्या दिवशी कडक ऊन दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

भाकरी मक्याची. पीठ दोन तऱ्हांचं असतं. 'उफा वोयेरा' म्हणजे कोंडा काढलेलं पांढरं, 'म्गाइवा' म्हणजे अख्ख्या दाण्याचं. भाकरीला म्गाइवाच घ्या. पिठाच्या साधारण पाऊणपट उकळतं पाणी घालून उकड काढा, कोमट असतानाच मळा. गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. म्गाइवात अंकुराचं तेल राहतं, त्यामुळे ते दोन-तीन आठवड्यांत खवट होतं. 'चिगायो'वर, म्हणजे गिरणीत, एका वेळी पाच किलोच दळा.

न्सिमाही, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडही, शिका, पाहुण्याला तीच लागते. चार वाट्या पाण्याला साधारण दोन वाट्या उफा. थोडं पीठ आधी गार पाण्यात कालवून पातळ पेज करा आणि झाकून पाच मिनिटं खदखदू द्या. तेव्हा उडणारा थेंब हाताला चांगला चटका देतो, म्हणून दांडा लांब ठेवतात. मग उरलेलं पीठ घालून 'म्थिको'ने, म्हणजे लाकडी उलथण्याने, भांड्याच्या कडेवर दाबत घोटायचं. पेज कच्ची राहिली तर न्सिमा शेवटपर्यंत पिठूळ लागते.

भाजी म्हणाल तर भोपळ्याची पानं, 'न्ख्वानी'. देठाचे दोर ओढून काढा, चिरा, टोमॅटो घाला आणि वरून शेंगदाण्याचं कूट. आपलं कूट भाजक्या दाण्यांचं, तिथलं 'न्सिंजिरो' कच्च्या दाण्यांचं. म्हणून घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं शिजवायचं आणि सारखं ढवळायचं, नाहीतर तळाला लागतं. दाणे निवडताना सुरकुतलेला, काळपट, बुरशी आलेला दाणा फेकाच. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, शिजवून जात नाही.

चूल म्हणजे 'म्बाउला', आपल्या शेगडीची बहीण. पेटवायला वीसेक मिनिटं धरा. धूर पूर्ण गेला, निखाऱ्यावर पांढरी राख आली, की भांडं चढवा. जून-जुलैत देड्झा चांगलंच गारठतं आणि शेगडी खोलीत घ्यायचा मोह होतो. अजिबात नाही. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतोच, आणि तो झोपेत कळत नाही. जुलैतच पोचताय, तेव्हा गोधड्या सामानात वरच ठेवा. परवान्याशिवाय कोळसा पाडणं-विकणं तिथे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला पोती दिसतात. हॉस्पिटलचे लोक कुठून घेतात ते आधी विचारा.

कपडे दोरीवर उन्हात वाळवलेत की झालं, त्यात विशेष काही नाही.

निळी_मच्छरदाणी
वरच्या शेवटच्या ओळीला माझी हरकत आहे. तिथे पुत्सी माशी असते. ओलसर कपड्यावर किंवा लघवीने भिजलेल्या वाळूत अंडी घालते, आणि कपडा अंगाला लागला की अळी कातडीत शिरते. ऊन चांगलं, पण पावसाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिल, कपडे पडवीतच वाळतात. म्हणून इस्त्री, आणि ती शिवणी, इलॅस्टिक, चड्डीची कड यांवर दाबून. चादरी आणि टॉवेलही सोडू नका. वीज नसते, तेव्हा कोळशाची इस्त्री. आपल्या धोब्याकडे असायची तीच. गळवासारखी गाठ आली आणि मध्ये बारीक भोक दिसलं, तर पिळू नका. त्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्या. हवा मिळेना की अळी वर येते, तेव्हा दोन्ही बाजूंनी हलकं दाबून काढा. आत तुटली तर पू होतो.

पाणी: चौघांना रोज वीस लिटरच्या पाच-सहा बादल्या लागतात, त्यातली एक पिण्या-स्वयंपाकाची. ती आदल्या संध्याकाळी भरून निवळू द्या, फडक्याने गाळा आणि उकळा. खळखळून एक मिनिट पुरे. कोळसा वाचवायचा असेल तर क्लोरीन. बाटलीवरची टक्केवारी वाचा. ५ टक्क्यांचं, बिनवासाचं ब्लीच असेल तर लिटरला २ थेंब, बादलीला २ मिली. तुमच्याकडे सिरिंज असेलच. गढूळ पाण्याला दुप्पट. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर ब्लीच जुनं झालंय किंवा पाण्यात मळ जास्त आहे. मात्रा परत द्या, पुन्हा अर्धा तास थांबा. पिण्याच्या बादलीला तोटी हवी. पेला बुडवला की सगळं मुसळ केरात. २०२२-२३ च्या कॉलऱ्यात तिथे १,७०० हून जास्त माणसं गेली.

हातपंप बहुधा अफ्रिदेव जातीचा असेल. रोज सकाळी पाणी यायला दहा-पंधरा दांडे मारावे लागले तर खालचा फूटवॉल्व गळतोय, पाणी आटलेलं नाही. पाणी समितीला लगेच सांगा.

मच्छरदाणी चौकोनी घ्या, गोल नको. गोलात झोपेत मुलांचा कोपर जाळीला टेकतो आणि डास बाहेरून चावतो. कडा गादीखाली खोचा, धुवा साध्या साबणाने आणि वाळवा सावलीत, नाहीतर जाळीला लावलेलं डासांचं औषध उतरतं. मलेरियासाठी क्लोरोक्विनवर विसंबू नका; मलावीने १९९३ मध्येच ते पहिल्या पसंतीतून काढलं. मलेरिया टाळायला घेतात ती डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) चार वर्षांच्या मुलाला चालत नाही हे तुम्ही जाणताच. वजनानुसार गोळी काय ते निघायच्या महिनाभर आधी ठरवा, कारण मेफ्लोक्विन ठरलं तर ते दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं लागतं.

शेवंती_७७
बाप रे, इस्त्रीचं डोक्यातच नव्हतं. मिक्सर न्यावा का? आणि सोलर किती वॅटचं पुरेल?

बारा_व्होल्ट
मिक्सर नको, खलबत्ता न्या. पाचशे वॅटचा मिक्सर सुरू होताना कितीतरी जास्त ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच बसतो.

१०० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. स्वच्छ दिवशी हातात ३५०-४०० वॅट-तास येतात. खर्च असा: ५ वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे १००, १५ वॅटचा डीसी पंखा आठ तास म्हणजे १२०, फोन आणि लॅपटॉप मिळून १००. बसतं. ढगाळ आठवड्यात उत्पन्न निम्म्याहून खाली येतं, तेव्हा पंखा बंद. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका. रोज पार रिकामी केली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि वर्षात ती डबडं होते. महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. फ्रिज यावर चालणार नाही. दूध पावडरचं, विरजण त्याचंच लावा.

भिंतीतले प्लग ब्रिटनसारखे, चौकोनी तीन पिनांचे. आपल्या गोल पिना बसत नाहीत. व्होल्टेज २३०, म्हणजे फक्त पिन बदलायची.

ओडी_ओडी
दाराशी कोणी "ओडी!" म्हणालं की "ओडिनी" म्हणा, म्हणजे 'या'. दार ठोठावण्यापेक्षा हीच रीत. हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या कोपराशी धरतात. मुलांना आत्तापासून शिकवा. बायका कमरेला 'चितेंजे' गुंडाळतात. दोन विकत घ्या. बाळ पाठीशी बांधायला, भाजी आणायला, ओटा पुसायलाही तेच.

वॉर्डातले कपडे आणि चपला पडवीतच उतरवा. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे एचआयव्ही टाळायची औषधं, २८ दिवस. रात्री-अपरात्री त्या औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आणि मुलं सरोवरावर जायचा हट्ट धरणार. मलावी सरोवरात बिल्हार्झिया, म्हणजे पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या कृमींचा आजार, आहे, लव्हाळ्याच्या काठाला जास्त. डुंबलेच तर त्यावरचं औषध प्राझिक्वांटेल लगेच देऊ नका, कोवळ्या कृमींवर ते चालत नाही. शेवटच्या पोहण्यानंतर सहा-आठ आठवडे थांबा, मग किलोमागे ४० मिलिग्रॅम. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.