निर्बंध उठले, आई अजून दुधाच्या पिशव्या धुते

खिडकीतली, डोंबिवली
२ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याला, राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कही ऐच्छिक झाला. आमच्या दाराशी ठेवलेला निळा टब मात्र अजून हललेला नाही. दुधाच्या पिशव्या आधी त्यात साबणाच्या पाण्यात, मग फ्रिजमध्ये. एकटी लोकलने दादरला जाणारी आई आता शेजारच्या हळदीकुंकवालाही "तू जाऊन ये" म्हणते. लोकल, शाळा, ऑफिसं, सगळं उघडायच्या तारखा निघाल्या. घाबरून बसलेल्या माणसांना बाहेर काढायचं कुणी मनावर घेतलंच नाही, असं माझं मत.

रोखठोक
पटलं नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई वाट मोकळी होताच दिव्याहून दारात हजर. खोलीचं भाडं थकलेलं, घाबरायला सवड कुठे होती? हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. काकूंच्या हातात पिशवी द्या आणि बाजारात पाठवा.

सुपारी
ताई हजर झाल्या म्हणजे बऱ्या होत्या, हे कुणी ठरवलं? विचारलंत कधी? जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२२ मध्ये सांगितलंय, साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं.

रोखठोक
पहिल्या वर्षात! तेव्हा माणसं मरत होती, घाबरणारच. तो आकडा आजच्या टबाला कसा लावता? ताईंना विचारलं नाही, हे मात्र खरं.

सातबेचाळीसची फास्ट
माझं उलटंच. घरात होतो तेव्हा ठणठणीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, आणि पहिल्याच आठवड्यात ठाण्याला छाती अशी धडधडली की उतरून बाकावर बसलो. हार्ट समजून ईसीजी काढला. नॉर्मल! पॅनिक अटॅक निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, टाळाल तितकी भीती वाढेल, पण एकदम उडीही नको. आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, मग एक स्टेशन, तेही दुपारी. मला दोन महिने लागले. म्हणजे रोखठोक, बाहेर पडा हे बरोबर. "पाठवा" हे चूक.

सुपारी
खिडकीतली, काकूंच्या जवळचं कुणी गेलं होतं का तेव्हा?

खिडकीतली, डोंबिवली
मावशी. एप्रिल २०२१. अंत्यविधीला वीसच माणसं. आईने सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही मध्येच अडकलं. दहाव्याला कुणी नाही, भेटायला कुणी नाही.

सुपारी
मग टब राहू दे बाजूला. मावशीबद्दल बोलतं करा त्यांना. घरच्यांशी जमत नसेल तर १४४१६, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात.

रोखठोक
चोचले हा शब्द मागे घेतो. बाकीचं मत कायम.

खिडकीतली, डोंबिवली
काल दुपारच्या स्लोने ठाकुर्लीपर्यंत गेलो, एकच स्टेशन. आईने पूर्ण वेळ माझी ओढणी धरून ठेवली होती. येताना मावशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्यांशी कशी हुज्जत घालायची ते आई सांगत होती, आपणहून. मग स्वतःच एक जुडी घेतली. घरी आल्यावर ती टबात गेली.

रोखठोक
कोथिंबीर धुवायलाच हवी. तेवढं काकूंचं बरोबर आहे.