डोंबिवलीची बिअर आणि म्युनिकचा मेहुणा

घोडबंदरवाला:
मेहुणा म्युनिकला नोकरीला असतो, दिवाळीत ठाण्याला येतोय. गेल्या खेपेला "तुमच्याकडे बिअर म्हणजे एकच चव, लेबलं तेवढी वेगळी" असं ऐकवून गेला. वर बायको हसली, ते जास्त झोंबलं. आता ऑफिसातला एकजण छातीठोक सांगतोय की डोंबिवलीत क्राफ्ट बिअर (छोट्या कारखान्यातली, वेगळ्या चवीची) बनायची. खरंच, की फेकतोय? आणि दुसरं. परवा पबमध्ये गव्हाची बिअर मागवली तर गढूळ आली. मित्राने परत पाठवली, मी प्यायलो. बरोबर कोण?

कल्याण_फास्ट:
फेकत नाहीये. गेटवे ब्रूइंग कंपनी. 2014 च्या सुमारास त्यांचे केग (बिअरची पिंपं) मुंबईतल्या बारमध्ये यायला लागले. व्हाइट झेन ही गव्हाची, डॉपलगँगर गडद रंगाची. डोंबिवलीत बनते म्हटलं की समोरचा आधी ग्लासचा वास घ्यायचा, एमआयडीसीची कृपा.

ऐरोलीकर_काका:
घोडबंदरवाले, तुम्ही बरोबर. मी बिअरच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी केली (कुठे ते विचारू नका), म्हणून सांगतो.

जर्मन घाटाच्या गव्हाच्या बिअरमध्ये निम्मा किंवा त्याहून जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचा असतो आणि ती सहसा गाळत नाहीत. गव्हातली प्रथिनं आणि यीस्ट तरंगत राहतात, म्हणून गढूळ. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. कुणी इसेन्स घालत नाही, सगळा यीस्टचा प्रताप. आंबवताना तापमान चढलं की केळं वरचढ होतं. तेव्हा रंगाकडे बघू नका, नाक वापरा. व्हिनेगरसारखा वास आला तर खुशाल परत पाठवा. दोष बहुतेक वेळा बिअरचा नसतोच, केगपासून नळापर्यंतच्या नळीचा असतो. ती धुवायची म्हटलं की बारवाल्यांच्या जिवावर येतं.

माल्ट 65 अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवून गोड रस काढला की खाली चोथा उरतो, टनांनी. आमच्या गेटवर सकाळपासून तबेलेवाल्यांचे टेम्पो लागलेले असायचे. वाफाळता चोथा फावड्याने भरायचा, वर ताडपत्री. पावसात टेम्पो अडकला तर दुपारपर्यंत तो आंबायचा आणि कँटीनमध्ये कुणी जेवायला बसायचं नाही. म्हशींना मात्र तोच जास्त आवडतो, असं एक भैया शपथेवर सांगायचा. दूध घट्ट येतं म्हणे. असो, विषय बिअरचा.

मुठेकाठचा:
नम्र निवेदन : महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूवरी (जागेवरच थोडी थोडी बिअर बनवणारी) पुण्यात. डूलाली, 2009.

कल्याण_फास्ट:
आलेच. धागा ठाण्याचा आहे हो. पण मान्य, आधी पुणेच. आणि मेहुण्याला हेही ऐकवा की नेदरलँड्सची हायनकेन 2011 पासून तळोज्यात बनायला लागली.

घोडबंदरवाला:
काका, दंडवत! मेहुणा एक टुमणं लावतो, "आमच्याकडे 1516 चा शुद्धतेचा कायदा आहे, बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बस." याला काय उत्तर देऊ?

ऐरोलीकर_काका:
त्याला विचारा, मग गहू कुठून आला? बव्हेरियाच्या त्या कायद्यात गहू नव्हताच. गव्हाची बिअर नंतर राजघराण्याने स्वतःच्या मक्तेदारीत ठेवली आणि त्यावर तिजोरी भरली. म्हणजे कायदा रयतेला, सवलत वाड्याला. यीस्टही त्यात लिहिलेलं नाही, त्याचं काम तेव्हा कुणाला उमगलंच नव्हतं.

बिअर आणाल ती उंच ग्लासात ओता आणि बर्फगार करू नका, 7-8 अंश पुरे. त्याहून थंड केली की वास दबतो. बाटलीची असेल तर शेवटचा घोट हलवून ओता, यीस्ट तळाशी बसलेलं असतं. ग्लास भांड्यांच्या साबणाने घासून नुसता विसळू नका, साबण राहिला की फेस मरतो. आणि बरोबर चकली ठेवा, शेव नको. तेलकट ओठांनीही फेस बसतो, पण चकलीसाठी मी तेवढं सोडून देतो.

घोडबंदरवाला:
चकल्या सासूबाईच करून पाठवतात. त्यांना कशासाठी ते सांगणार नाही.