साठ ट्रॅकचं भजन आणि म्यूट-सोलोचा गुंता (रीपर)

कुडाळचा_फेडर

नमस्कार मंडळी. गावच्या मंडळाच्या भजनाचं लाइव्ह रेकॉर्डिंग मिक्स करतोय, रीपर ७ या सॉफ्टवेअरवर. एक्स-३२ मिक्सरवरून यूएसबीने १६ चॅनेल थेट लॅपटॉपवर घेतले: बुवांचा आवाज, पेटीला दोन माइक, पखवाजाला दोन (धुम्याकडे, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला एक, शाईकडे एक), तबल्याला दोन, झांजेला एक, कोरसला सहा आणि प्रेक्षकांकडे तोंड करून दोन. कोरस मंडपात फारच पसरला होता म्हणून तो घरी परत गाऊन घेतला. सहा जण, प्रत्येकाचे तीन टेक, गजराचे वेगळे आणि अभंगाचे वेगळे. बस (अनेक ट्रॅक एकत्र येतात ती वाट) आणि रिव्हर्ब (घुमाव) धरून प्रोजेक्ट साठीला टेकलंय.

अडचण आवाजाची नाही, लाल-पिवळ्या बटणांची आहे. लाल म्यूट ट्रॅक गप्प करतं, पिवळं सोलो फक्त तोच ट्रॅक ऐकवतं. निम्म्या ट्रॅकवर म्यूट लागलेला. त्यातले काही कायमचे (नापास टेक), काही मी आत्ता पखवाज नीट ऐकू यावा म्हणून दाबलेले. कोणता कशासाठी हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. सगळे एकदम अनम्यूट करावेत तर नापास टेकही गायला लागतात.

त्यात बुवांचं म्हणणं, "कोरस काढून एक माका देवा, आणि माझो आवाज काढून एक." दुसरं त्यांच्या शिष्यांच्या सरावासाठी. आता बुवांचा आवाज म्यूट केला की पेटी एकदम वर येते! (बुवा गायले की पेटी आपोआप थोडी दबेल असा कॉम्प्रेसर पेटीवर लावलाय, बुवांच्या आवाजाच्या साइडचेनवर.) एवढ्या ट्रॅकांवर म्यूट-सोलो तुम्ही कसे सांभाळता?

मंडपवाला_मास्तर

कुडाळकर, तुमच्या प्रोजेक्टमध्ये म्यूटचं एकच बटण तीन वेगवेगळी कामं करतंय. "हा टेक नको", "आत्ता मला ऐकू येऊ नको" आणि "या आवृत्तीत नको". तिन्हींचा रंग लाल, मग दुसऱ्या दिवशी काय कळणार? माझ्याकडे नियम असा की म्यूट बटण फक्त तिसऱ्या कामासाठी. पहिल्या दोन कामांना त्याला हातच लावायचा नाही.

नापास टेक आधी निस्तरा. रीपर ७ मध्ये एकाच ट्रॅकच्या आत लेन, म्हणजे एकाखाली एक पट्ट्या, करता येतात. प्रत्येक गायकाचे तीन टेक तीन लेनमध्ये टाका आणि हवे ते तुकडे निवडून कॉम्प, म्हणजे जोडून एक सलग टेक, करा. छत्तीस ट्रॅकचे बारा होतील आणि नापास टेकला म्यूटची गरजच उरणार नाही, तो लेनमध्ये पडून राहील. एवढं करायचा कंटाळा असेल तर 'अडगळ' नावाचा फोल्डर करा, सगळे नापास टेक त्यात टाका, फोल्डरच्या राउटिंग खिडकीत मास्टरकडे (अंतिम मिक्सकडे) जाणाऱ्या सेंडची, म्हणजे आवाज पाठवणाऱ्या वाटेची, खूण काढा आणि ट्रॅक मॅनेजरमधून तो लपवा. त्या ट्रॅकांवर रिव्हर्बचे सेंड असतील तर तेही काढायचे, नाहीतर नापास टेकचा रिव्हर्ब तेवढा घुमत राहतो आणि माणूस भूत शोधत बसतो. मग 'सगळे अनम्यूट' कितीही वेळा दाबा, अडगळ गप्प. तारच काढलेली आहे.

दुसरं काम, ऐकण्यापुरतं. त्यासाठी सोलो. रीपरमध्ये कोणत्याही सोलो बटणावर कंट्रोल धरून क्लिक केलं की सगळे सोलो उतरतात. काम झालं की उतरवायचे, सोलो लावून जेवायला उठायचं नाही. रेंडर करतानाही (अंतिम फाइल काढतानाही) सोलो लागू राहतो, हे बुवांच्या फोनवर फाइल जाण्याआधी लक्षात असलेलं बरं.

ऑप्शन्सच्या मेनूत 'सोलो इन फ्रंट' आहे तेही चालू करून बघा. सोलो केलेला ट्रॅक पुढे येतो आणि बाकीचे बंद न होता नुसते मंद होतात. भजनासारख्या कामाला मला हेच आवडतं, कारण एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांचा आवाज एकाच माइकमध्ये राहत नाही. तुमच्या शाईकडच्या माइकमध्ये झांज आहे, झांजेच्या माइकमध्ये बुवा आहेत आणि बुवांच्या माइकमध्ये पेटी आहे. पखवाज सोलो करून इक्यू (जाड-बारीक स्वरांचा तोल) गोड लावाल आणि सोलो काढल्यावर म्हणाल, हा पातळ का वाटतोय?

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक माइक वाद्याला दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटीमीटर लांब असेल तर एक मिलिसेकंदाचा फरक पडतो. दोन्ही माइक सारख्या पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झपाशी खड्डा, मग १५०० ला, २५०० ला, असं वर वर. सोलोमध्ये हे खड्डे दिसतच नाहीत, कारण ते दोन माइक भेटल्यावर तयार होतात. म्हणून पखवाजाचे दोन माइक कायम एकत्र सोलो करा आणि एकावर पोलॅरिटी उलटून (म्हणजे आवाजाची लहर उलटी करून) बघा. धुमा कोणत्या बाजूला जाड लागतो ते कान सांगतील.

सोलो_सेफ

मास्तरांशी सहमत. मी प्रो टूल्सवर आहे, तिथलं सांगतो. तिथे आवाज सोलो केला की रिव्हर्बचा ऑक्स ट्रॅक (ज्याच्याकडे सेंड जातात तो) गप्प होतो, आवाज कोरडा ठक्क. त्यासाठी रिव्हर्बच्या सोलो बटणावर विंडोजमध्ये कंट्रोल आणि मॅकवर कमांड धरून क्लिक करा. तो 'सोलो सेफ' होतो, म्हणजे दुसरं काहीही सोलो केलं तरी बंद पडत नाही. क्यूबेसमध्ये हेच काम आल्ट धरून होतं, नाव सोलो डिफीट. रीपरमध्येही सोलो डिफीट आहे, पण तिथे सोलो केलेल्या ट्रॅकचे सेंड जिथे जातात ते आपोआप वाजतात, त्यामुळे कमी लागतं.

कान_पकडून

मी सोलो वापरतच नाही. श्रोता कधी सोलोमध्ये ऐकतो का? संपूर्ण मिक्समध्ये ऐकून जे खटकतं तेच दुरुस्त करायचं. सोलोचं बटण म्हणजे वेळ घालवायचं यंत्र.

मंडपवाला_मास्तर

कानसाहेब, वाक्य ऐकायला छान आहे. पण कोरसमधल्या सहा जणांपैकी कुणाच्या माइकमध्ये पंख्याची घरघर आहे हे सोलोशिवाय कसं शोधणार? सोलो शोधायला, मिक्स ठरवायला. इक्यू सोलोमध्ये लावू नका एवढंच मी म्हणतोय.

आणि मंडपात आम्ही सोलोवरच जगतो. एक्स-३२ वर सोलो दाबला की तो हेडफोनमध्ये येतो, मुख्य स्पीकरला धक्का लागत नाही. कॉम्प्युटरवरचा सोलो बाकी सगळ्यांना गप्प करतो. दोन्हीला नाव एकच पडलंय. त्या मिक्सरवर सहा म्यूट ग्रुप (एका बटणात अनेक चॅनेल गप्प करणारे) आहेत. त्यातला एक मी कायम रिव्हर्बसारख्या इफेक्टसाठी ठेवतो, कारण दोन गजरांच्या मध्ये निवेदक उठतो आणि "आभाऽऽर, आभाऽऽर" असं देवळाच्या गाभाऱ्यातून बोलल्यासारखं ऐकू येतं. गाणं थांबलं की इफेक्ट म्यूट. एवढं न करणाऱ्या साउंडवाल्यांचे पैसे कापायला हवेत.

कुडाळचा_फेडर

मास्तर, लेनचं जमलं, पडदा एकदम रिकामा झाला. पण आवृत्त्यांचं आणि त्या वर येणाऱ्या पेटीचं काय?

मंडपवाला_मास्तर

हां, ते राहिलंच.

बुवांचा ट्रॅक म्यूट केला की त्यातून निघणारे सेंडही बंद होतात. पेटीवरच्या कॉम्प्रेसरला आवाज पोचत नाही, म्हणून तो दाबत नाही आणि पेटी मोकळी सुटते. तेव्हा बुवांच्या ट्रॅकला म्यूट करायचंच नाही. त्याचा पॅरेंट सेंड (वरच्या फोल्डरकडे किंवा मास्टरकडे जाणारी वाट) काढा आणि त्यातून दोनच वाटा ठेवा. एक पेटीच्या साइडचेनकडे, जशी आत्ता आहे तशी. दुसरी 'बुवा बाहेर' नावाच्या नव्या बसकडे. रिव्हर्बचा सेंड बुवांच्या ट्रॅकवरून काढून या बसवरून द्या. आता म्यूट करायचा तो फक्त बस. आवाज गेला, त्याचा रिव्हर्ब गेला, पण साइडचेन चालू आणि पेटी जागच्या जागी. कोरसचे बाराही ट्रॅक असेच एका फोल्डरखाली घ्या, म्हणजे 'कोरस काढून' हे एका बटणाचं काम.

मग रीपरला जोडायचं एसडब्ल्यूएस एक्स्टेन्शन घाला, फुकट आहे. त्यातल्या स्नॅपशॉट खिडकीत काय काय जतन करायचं ते निवडता येतं. तिथे फक्त म्यूटची खूण ठेवा, बाकी सगळ्या काढा. 'पूर्ण', 'विना कोरस', 'विना बुवा' अशी तीन नावं. व्हॉल्यूमची खूण राहू दिलीत तर पुढच्या आठवड्यात झांज कमी कराल, जुना स्नॅपशॉट बोलवाल आणि झांज परत मूळ जागी जाऊन बसेल. प्रत्येक आवृत्तीच्या रेंडरआधी सोलो उतरवा, स्नॅपशॉट बोलवा, मग रेंडर.

एक मात्र म्यूटने होणार नाही. 'विना बुवा'मध्ये बुवा पेटीच्या माइकमधून ऐकू येणारच. शिष्यांना चालत असेल तर सोडून द्या. नाहीतर बुवांना हेडफोन देऊन पेटी पुन्हा वाजवून घ्या.

कुडाळचा_फेडर

बसचं केलं, पेटी हलत नाही आता. बुवांनाही विचारलं. पेटी परत वाजवतील म्हणाले, पण वाजवताना गुणगुणणार नाही याची हमी देत नाहीत.

मंडपवाला_मास्तर

कार्डिऑइड माइक घ्या आणि त्याची पाठ बुवांच्या तोंडाकडे येईल असा पेटीवर लावा. मागून तो सगळ्यात कमी ऐकतो. हेडफोन बंद कपांचा द्या, नाहीतर त्यातून जुना बुवा परत माइकमध्ये शिरेल.